घरचं इंटरनेट बदलताय? आधी विचारा, तार तुटली तर जोडणार कोण!

या आठवड्याच्या व्हिडिओचा हा लेखी धडा. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून इथे सगळं सावकाश मांडलंय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

विषय साधा वाटेल: घरचं जुनं ब्रॉडबँड बंद करून नवीन नेटवर्कवर जायचं. पण ज्याचं घर हेच दुकान, त्याच्यासाठी हा दुकान हलवण्याइतका मोठा निर्णय आहे. आपण उदाहरण घेऊ कोयनानगरचं. कारण जी व्यवस्था कोयनेच्या पावसात टिकेल, ती कुठेही टिकेल.

कोयनानगरच का?

जुलै महिन्यातला कुठलाही पेपर उघडा. सातारा जिल्ह्याच्या पावसाच्या बातमीत तीन नावं हमखास असतात: कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर. धरण भरतंय म्हणून सगळा महाराष्ट्र खूश असतो, कारण १०५ टीएमसीच्या या धरणावर शेती आणि वीज दोन्ही अवलंबून. पण त्याच पावसात फांदी पडते, खांब कलतो, दरड येते, लाइट जाते. राज्याला १९६० मेगावॅटचा प्रकल्प देणाऱ्या खोऱ्यातसुद्धा घरातला राउटर बंद पडायला एक फांदी पुरते.

आणि गंमत बघा, नेमक्या याच दिवसांत धंदा असतो. ओझर्डे धबधबा बघायला पर्यटक पावसाळ्यातच येतात. म्हणजे समजा, कोयनानगरजवळ एखाद्या ताईंनी घराच्या दोन खोल्या होमस्टेसाठी काढल्या आहेत. मुंबईहून गावी परतलेला एखादा दादा घरी बसून कंपन्यांचे हिशेब लिहितो. एखादी मुलगी ऑनलाइन शिकवणी घेते. या तिघांचंही गिऱ्हाईक इंटरनेटच्या तारेवरून घरात येतं. तार तुटली की दुकानाचं शटर पडलं, एवढं सरळ गणित आहे.

म्हणून आजच्या धड्याचं एकच सूत्र आधी लिहून घ्या: नवीन कनेक्शन घेताना पहिला प्रश्न स्पीडचा नाही, दुरुस्तीचा. आणि नवीन पक्कं होईपर्यंत जुनं तोडायचं नाही.

घरात इंटरनेट येण्याच्या तीन वाटा

पहिली वाट, तांब्याची तार. जुना लँडलाइन फोन ज्या तारेवर चालायचा, त्याच तारेवर ब्रॉडबँड. तिचा त्रास हा, की एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. चार-पाच किलोमीटर अंतर झालं की जीव जातो. जोडाच्या डब्यात पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि इंटरनेट तुटक. पण एक फायदा होता: तार तुटली तर लाइनमन पक्कड घेऊन यायचा, दोन टोकं सोलून पिळायचा, टेप लावायचा. काम झालं.

दुसरी वाट, फायबर. ही काचेची बारीक तार, आत वीज नाही तर उजेड धावतो. पाणी पडलं म्हणून खरखर होत नाही, आणि एका मुख्य यंत्रापासून वीसेक किलोमीटरपर्यंत वेग टिकतो. म्हणून तांब्यावरून फायबरवर जाणं बहुतेक वेळा शहाणपणाचंच. पण मंडळी, काचेला पक्कड चालत नाही. तुटलेलं फायबर जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं, जे दोन टोकं वितळवून एक करतं. मशीन लागतं आणि ते चालवणारा माणूसही लागतो. तो माणूस तुमच्या वाडीत राहतो का? वीसेक किलोमीटरवर पाटणला असतो? का पन्नास-साठ किलोमीटरवरून कराडहून येणार? घाटात दरड आली असेल, तेव्हा येणार का? सगळा फरक इथे आहे.

तिसरी वाट, हवेतून. घराच्या छपरावर किंवा भिंतीवर यंत्र लावतात, ते ५जी टॉवरचा सिग्नल पकडून घरात वायफाय देतं. जिओ आणि एअरटेल दोघांनीही ‘एअरफायबर’ नावाने ही सेवा २०२३ मध्ये सुरू केली. नावात फायबर असलं तरी घरापर्यंत तार नसते. खांब-फांदीचा प्रश्न सुटतो, पण डोंगराचा सुटत नाही. टॉवर आणि घर यांच्यामध्ये सड्याची कड किंवा दाट झाडी आली की सिग्नल घटतो. कोयनेच्या खोऱ्यात एका वळणावर पूर्ण रेंज आणि पुढच्या वळणावर काहीच नाही, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून शेजारच्या वाडीत चालतं म्हणून आपल्याकडे चालेलच असं धरू नका. त्याच कंपनीचं ५जी सिम आणि ५जी फोन घेऊन आपल्याच छपरावर चढा आणि दिवसातून तीनदा वेग मोजा.

वेग किती लागतो? डाउनलोड सोडा, अपलोड बघा

जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, म्हणजे बाहेरून घरात किती वेगाने येतं. सिनेमा बघणाऱ्याला तो महत्त्वाचा. धंदा करणाऱ्याचं बरंचसं काम उलट दिशेचं: फोटो टाकायचे, व्हिडिओ चढवायचा, शिकवताना आपला चेहरा आणि फळा पलीकडे पोचवायचा. त्याला अपलोड म्हणतात.

हिशेब करू. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. आठ बिटचा एक बाइट. म्हणून एक जीबीची फाइल म्हणजे साधारण ८००० मेगाबिट.

- तांब्याच्या लाइनवर अपलोड १ एमबीपीएस मिळत असेल, तर ८००० सेकंद. म्हणजे सव्वादोन तास.
- फायबरवर ५० एमबीपीएस अपलोड मिळाला, तर १६० सेकंद. म्हणजे तीन मिनिटांच्या आत.

होमस्टेच्या ताईंना खोल्यांचा आणि धबधब्याचा व्हिडिओ टाकायचा असेल, तर एक रात्र जाणं आणि एक चहा होईपर्यंत काम संपणं, एवढा हा फरक.

आता दुसरी बाजू. सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणतात. म्हणजे ‘ब्रॉडबँड आहे’ एवढं ऐकून काहीच कळत नाही. आणि ३०० एमबीपीएसचा प्लॅन दोन माणसांच्या घरी बहुधा वायाच जातो. वर्ग, व्हिडिओ कॉल, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे दोन-चार मोबाईल एवढ्याला ५० ते १०० एमबीपीएस भरपूर झाले. वाचलेले पैसे कुठे लावायचे, ते पुढे सांगतो.

विक्रेत्याला विचारायचे सहा प्रश्न

कनेक्शन विकायला आलेला मुलगा स्पीड आणि ओटीटीबद्दल बोलेल. त्याला चहा द्या, सगळं ऐकून घ्या आणि मग वही उघडा.

1. तार कुठून येते? खांबावरून की जमिनीखालून? रस्त्याच्या कडेने येत असेल तर रस्त्याचं काम निघाल्यावर जेसीबीचा पहिला दात तिलाच लागतो.

2. तुटली तर जोडणारा कोण? कंपनीचं नाव नको, माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर हवा. गावाकडे मोठ्या कंपनीची सेवासुद्धा पुष्कळदा स्थानिक भागीदार किंवा केबलवाला चालवतो. त्यात वाईट काही नाही. जवळचा माणूस लवकर येतो. फक्त त्याच्याकडे स्वतःचं मशीन आहे का, ते विचारा.

3. लाइट गेल्यावर काय? तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, पण ज्या यंत्रातून तुमच्या वाडीला फायबर येतं, तिथे बॅटरी आहे का? किती तास चालते? तिथलं यंत्र बंद झालं, तर तुमचा राउटर नुसता दिवे लावून बसेल.

4. गेल्या जुलैत काय झालं? हा प्रश्न विक्रेत्याला नाही, त्याच्या तीन जुन्या ग्राहकांना विचारायचा. ‘नेट कसं आहे?’ असं विचारलं तर सगळे ‘बरंय’ म्हणतात. ‘गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये सलग किती दिवस बंद होतं?’ असं विचारा. खरं उत्तर मिळेल.

5. यंत्र कोणाचं? घरात लावलेला डबा आणि राउटर तुमच्या मालकीचा की भाड्याचा? अनामत किती? परत कधी आणि कशी मिळणार? पावती मागा.

6. सोडायचं झालं तर? सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि मध्येच बंद केलं, तर काय परत मिळतं? लेखी घ्या. शक्य असेल तर पहिला महिना फक्त महिन्याचाच प्लॅन घ्या. वर्षाची सवलत दुसऱ्या महिन्यातही मिळते.

आता रुपयांचा हिशेब

जाहिरातीत ४९९ लिहिलं असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. म्हणजे हातातून जाणार ५८८ रुपये ८२ पैसे. खर्च लिहिताना हाच आकडा लिहा. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावाने आणि नोंदणी क्रमांकासह घ्या, आणि क्रेडिटबद्दल तुमच्या करसल्लागाराशी बोला. नोंदणी नसली तरी बिल जपून ठेवा. धंद्यासाठी वापरलेलं इंटरनेट हा धंद्याचा खर्च आहे, घरखर्चाच्या डब्यातला नाही.

आता तुलना. समजा, ताईंचं जुनं बिल जीएसटीसकट ४७१ रुपये आहे. नवीन आल्यावर जुनं आणखी एक महिना चालू ठेवलं, तर जादा खर्च ४७१. घरातलं कोणीतरी म्हणणार, ‘दोन-दोन कनेक्शन कशाला?’

त्यांना हे दाखवा. खोलीचा दर १५०० धरा. नवीन लाइन पहिल्याच शनिवारी बंद पडली, चौकशीला उत्तर गेलं नाही आणि दोन्ही खोल्या रिकाम्या राहिल्या, तर नुकसान ३००० रुपयांचं. म्हणजे जुन्या कनेक्शनच्या सहा महिन्यांच्या बिलाइतकं! आणि दरमहा १०० रुपये स्वस्त पडतं म्हणून दुरुस्तीचा पत्ता नसलेली कंपनी निवडली, तर वर्षाला वाचणार १२००. एका बुडालेल्या शनिवारात ते दोनदा जातात.

यालाच बंद वेळेची किंमत म्हणतात. इंटरनेट एक दिवस बंद राहिलं तर आपलं किती जातं, हा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ हवा. तो माहीत असला की कुठला प्लॅन महाग आणि कुठला स्वस्त, ते आपोआप कळतं.

बदलाचा तीस दिवसांचा आराखडा

आधीची तयारी. जुन्या वायफायवर काय काय चालतं, त्याची यादी करा. मोबाईल, लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही, टीव्ही. सीसीटीव्ही बाहेरगावाहून मोबाईलवर बघत असाल, तर तंत्रज्ञाला आधीच सांगा, नवीन लाइनवर त्याची मांडणी पुन्हा करावी लागू शकते. जुना लँडलाइन नंबर पाटीवर, कार्डावर, गूगलच्या नकाशावर दिला असेल तर विशेष लक्ष द्या. मोबाईलसारखी नंबर पोर्ट करायची सोय लँडलाइनला नाही. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जात असाल, तर नंबर कायम राहील का, ते अर्ज करतानाच विचारा. कंपनी बदलत असाल, तर तो नंबर सुटला असं धरून चाला आणि ग्राहकांना आधीपासून मोबाईल नंबर द्यायला लागा.

पहिला दिवस. फायबर घरात घेताना तार काटकोनात वाकवू देऊ नका. खिडकीच्या फटीत चेपली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळली, तर आतला उजेड गळतो आणि वेग पडतो. राउटर कपाटात लपवू नका, घराच्या मधोमध उंचावर ठेवा. नवीन वायफायला तात्पुरतं वेगळं नाव द्या. आणि डब्यावरचे दिवे ओळखून घ्या. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला, म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही. तार तुटली किंवा निसटली. अशा वेळी राउटर वीस वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवा.

पहिले पंधरा दिवस. दोन्ही कनेक्शन चालू. रोज तीन वेळा वेग मोजा: सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते दहा. रात्रीची वेळ महत्त्वाची, कारण फायबरची एक लाइन फाटे काढून अनेक घरांत वाटलेली असते आणि त्या वेळी सगळी घरं एकदम जागी असतात. वहीत पाच रकाने करा: तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, शेरा. मोजमाप जमलं तर लॅपटॉपला केबल लावून करा. केबलवर वेग चांगला आणि वायफायवर वाईट आला, तर दोष लाइनचा नाही, राउटरच्या जागेचा.

सोळा ते तीस दिवस. आता खरं काम नवीन लाइनवर न्या. पूर्ण वर्ग घ्या, मोठी फाइल चढवा, पाहुण्यांना वापरू द्या. एकदा तरी घराची लाइट मुद्दाम बंद करून बघा. आणि एकदा ग्राहक सेवेला फोन करून कोण उचलतं, किती वेळात उचलतं, ते बघा. जोरदार पावसाचा एक तरी दिवस या काळात आला पाहिजे. म्हणून कनेक्शन मार्चमध्ये बदलत असाल तर तार, खांब आणि बॅटरी यांची चौकशी दुप्पट करा. मार्चमध्ये सगळीच नेटवर्कं चांगली असतात.

शेवटचा दिवस. नवीन राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, जुना राउटर बंद करा. घरातली बहुतेक यंत्रं आपोआप नवीन लाइनवर येतील. पाहुण्यांसाठी मात्र वेगळं ‘गेस्ट’ वायफाय चालू करा. तुमचा हिशेबाचा लॅपटॉप आणि कॅमेरे ज्या वायफायवर आहेत, त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका.

जुनं कनेक्शन बंद करताना

बिल भरायचं थांबवलं म्हणजे कनेक्शन बंद झालं, असं नाही. बिल चढत राहतं. लेखी अर्ज द्या किंवा ॲपवरून विनंती करा आणि तिचा क्रमांक टिपून घ्या. मोडेम परत केल्याची पावती घ्या. शेवटचं बिल शून्य झाल्याचं बघा. अनामत परत येईपर्यंत फाइल बंद करू नका. आणि बँकेत ऑटो-पे लावलं असेल तर ते स्वतः रद्द करा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

काही अडलं तर तक्रारीच्या दोन पायऱ्या असतात. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे तक्रार क्रमांक मिळालाच पाहिजे. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, त्याला पैसे लागत नाहीत. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५.

दोन बिलं म्हणजे दोन वाटा नव्हेत

मघाशी म्हणालो होतो, वाचलेले पैसे कुठे लावायचे. पहिलं, राउटरसाठी छोटा यूपीएस. साधारण हजार-दोन हजारांत मिळतो. विकत घेताना राउटरच्या ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का, ते बघा. दुसरं, वेगळ्या कंपनीचं एक मोबाईल सिम, हॉटस्पॉटसाठी.

पण इथे एक बारकावा आहे. तुमचं फायबर आणि मोबाईलचा टॉवर दोन्ही एकाच रस्त्याकडेच्या केबलवर असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातील. म्हणून जुन्या बंदच्या दिवशी बघा: घरचं नेट गेलं तेव्हा कुठल्या सिमचं नेट चालू होतं? तेच सिम तुमचं खरं राखीव.

मोठ्या पातळीवरही हाच धडा लागू आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत एकेरी रेषेऐवजी रिंग करायचं ठरलं. म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट उरते. रिंगचं जे तत्त्व सरकार गावासाठी वापरतंय, तेच आपण आपल्या घरासाठी वापरायचं: एक मुख्य वाट, एक वेगळी राखीव वाट.

गृहपाठ

या आठवड्यात तीन गोष्टी करा.

1. इंटरनेट एक दिवस बंद राहिलं तर तुमचं किती नुकसान होतं, तो आकडा काढा.
2. आत्ताच्या कनेक्शनचा वेग सात दिवस, रोज तीन वेळा वहीत लिहा.
3. तुमच्या वाडीत फायबर जोडणाऱ्या माणसाचं नाव आणि नंबर शोधा.

तिसऱ्याचं उत्तर दोन दिवसांत मिळालं, तर नवीन कनेक्शन खुशाल घ्या. नाही मिळालं, तर आकाशपाताळ एक करणाऱ्या स्पीडची जाहिरात बाजूला ठेवा आणि आणखी चौकशी करा. धंद्यात माल कुठून येतो हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं इंटरनेट कुठून येतं आणि ते कोण सांभाळतं, हेही माहीत हवं.

पुढच्या धड्यात याच वहीवरून पुढे जाऊ: घरच्या धंद्याचा महिन्याचा पक्का खर्च कसा मांडायचा. वही जपून ठेवा. भेटू!